नदी नसलेला देश

प्रिय शैलू,

बीडहून औरंगाबादला जाणारी सकाळची एसटी आठवते का तुला? दिवाळीची सुट्टी संपलेली, आपली पत्र्याची ट्रंक दोघींच्या पायांमध्ये, तिच्यावर आईने बांधून दिलेला दशम्यांचा डबा आणि डब्यावर माझा ॲटलास. गेवराईच्या पुढे तुला मळमळायला लागायचं. तुझं लक्ष दुसरीकडे वळवायला मी तो खेळ काढायचे. "डोळे मीट, बोट ठेव. बोट पडेल तिथे आपण जाणार." तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळायची आणि तुझं बोट दर वेळी समुद्रात पडायचं. तू रडवेली होऊन म्हणायचीस, "आक्का, पुन्हा." एकदा मात्र ते इवलंसं बोट एका ठिपक्यावर पडलं. ठिपका इतका लहान, की त्याचं नाव समुद्रावरच छापलेलं होतं. माल्टा.

आज लिहायला बसले आहे ती त्या ठिपक्यामुळेच. सकाळी ट्रॅव्हल्सवाल्या रफीकभाईंचा फोन आला होता. आपल्या दोघींच्या सहलीची तिकिटं अजून निघालेली नाहीत. तुझी जागा त्यांनी तशीच धरून ठेवली आहे, पण आता तिथे कोणाचं तरी नाव घालायला हवं, नाहीतर जागा सोडायला हवी. "तुमी सांगताल तसं, आक्का," ते म्हणाले, "पण तेलगावहून मला रोज फोन यायलेत."

रोज! तू जिवंत असताना तुझ्या सासरच्या त्या घरातल्या एकाने तरी विचारलं होतं का, शैलाचं तिकीट झालं का, व्हिसा झाला का, माल्टात थंडी असते की ऊन? आणि आता तू गेलीस तर तुझ्या रिकाम्या खुर्चीपाशी रांग लागली आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी.

आपल्या औरंगाबादच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर कार्मेलांपासून सुरुवात करते, कारण त्यांची आठवण काढली की माझा राग जरा निवतो. त्या सोमवारी भूगोलाच्या तासाला तू उभी राहून विचारलंस, माल्टा कुठे असतं? सिस्टरनी हातातला खडू खाली ठेवला. माल्टा म्हणजे माझं घर, त्या म्हणाल्या. मग तो सगळा तास त्यांनी फळ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत शिकवला. त्यांच्या देशात डोंगर नाही, रेल्वे नाही आणि एकही नदी नाही. दगडी बांध घातलेली लहान लहान शेतं, बांधावर निवडुंग, उन्हाळ्यात सगळं रान पिवळं. समुद्राकाठी खडकात कोरलेली मिठागरं. पहिल्यांदा आपल्या भागात आल्या तेव्हा बसच्या खिडकीतून ही कोरडी रानं बघून त्यांना वाटलं होतं, बोटीने आपल्याला फसवलं आणि फिरवून फिरवून परत घरीच आणून सोडलं.

एकही नदी नाही, हे काही तुझ्या मनातून जाईना. नाताळच्या सुट्टीहून परत येताना तू औषधाच्या बाटलीत आपल्या बीडच्या बिंदुसरा नदीचं पाणी भरून आणलंस. झाकण नीट लावलं नव्हतंस, अर्धं पाणी ट्रंकेत सांडलं आणि माझे दोन फ्रॉक भिजले. मी तुला चांगला धपाटा घातला होता. उरलेलं पाणी तू सिस्टरना नेऊन दिलंस. "तुमच्याकडे नदी नाही ना, म्हणून." त्यांनी ती बाटली आपल्या खोलीच्या खिडकीत, मरियमेच्या मूर्तीशेजारी ठेवली. पाणी हिरवं झालं तरी ती तिथेच होती. कोणी फेकायला गेलं तर त्या रागवायच्या.

अशी तू. आणि तुला आम्ही दिली कुठे, तर तेलगावला.

तुझ्या सासरी परदेश निवडायची जी रीत आहे, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली नसती तर तुझ्यावरही विश्वास ठेवला नसता. ऊस कारखान्याला गेला की ओसरीवर बैठक. आधी उजळणी, यंदा कोण कुठे जाऊन आलं. चौसाळ्याचे तुमचे व्याही बाकूला जाऊन आलेत, म्हणजे आपल्याला बाकूच्या अलीकडचं काही चालणार नाही. माणसं परदेशाचं अंतर चौसाळ्यापासून मोजतात, हे मी तुझ्या ओसरीवर शिकले! मग भाऊसाहेबांची कसोटी. तुझे यजमान पंचायत समितीत होते, त्यांना चार लोकांत काय चालतं ते बरोबर कळतं. "फोटो बघून गावाला नाव सांगावं लागलं न्हाई पायजे," ते म्हणाले होते, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. म्हणून दर वेळी एखादा मनोरा, एखादा पूल, एखादं उंच चक्र. ज्याच्यापुढे उभं राहिलं की खाली काही लिहावं लागत नाही, असं काहीतरी. आणि तुझ्या जावेची, अर्चनाची, एकच अट. बर्फ पाहिजे. लाल साडी आणि मागे बर्फ.

आणि पाहून काय येतात ही माणसं? मी प्रत्येक वेळी विचारलं आहे, शैलू, अगदी मनापासून, मला खरंच ऐकायचं असायचं. प्रत्येक देशाबद्दल उत्तर एकच. "रस्ते लई चांगले. घान न्हाई." अर्धं जग फिरून आलेल्या माणसांनी एवढंच पाहिलं की रस्त्यावर खड्डा नाही! आणि हे सांगता सांगता विमानतळावरून येणाऱ्या गाडीच्या खिडकीतून वेफर्सची रिकामी पिशवी बाहेर सोडायची. त्या गाडीत मीही होते. तू मला हळूच चिमटा काढला होतास, की आक्का, बोलू नकोस.

मी बोलले नाही. आज बोलते आहे, ऐक.

लोक म्हणतात, शैलाताईंनी जग पाहिलं. तू जग पाहिलंस ते इंडक्शनच्या शेगडीवरून! निळ्या नायलॉनच्या पिशवीत ती शेगडी, छोटा कुकर, डाळ-तांदूळ, तिखटाचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी. सगळे नाश्ता करून बसमध्ये बसायचे तेव्हा तू "डोकं दुखतंय" म्हणून खोलीवर थांबायचीस. खरं कारण सगळ्यांना माहीत असायचं. संध्याकाळी साहेबांना तिकडलं जेवण "बेचव" लागतं, गरम खिचडी लागते. धुराची घंटी वाजू नये म्हणून तिच्यावर तू ओला टॉवेल बांधायचीस आणि कुकरच्या शिटीवर दुसरा टॉवेल धरायचीस. पॅरिसमध्ये तरीही ती घंटी वाजलीच. सगळं हॉटेल खाली रस्त्यावर उभं, आणि भाऊसाहेब तिथल्या मॅनेजरला मराठीत समजावत होते की काही नाही, वरण उतू गेलंय. तू मला हे हसत हसत सांगितलं होतंस. मी तेव्हा हसले नाही म्हणून तुला वाईट वाटलं होतं, आठवतं?

स्वित्झर्लंडचा डोंगर तू न्हाणीघराच्या खिडकीतून पाहिलास. "पण छान दिसत होता गं, आक्का," असं म्हणालीस. तुझा हा "पण छान" मला फार सोसावा लागला आहे.

बरं, परत आल्यावर तरी उसंत? काशी करून आलं की मावंदं घालतात, आणलेल्या गंगेची पूजा होते, गाव जेवतं, हे आपल्यालाही माहीत आहे, आपल्या आजीनेही घातलं होतं. पण सिंगापूरचं मावंदं? थायलंडचं मावंदं? बँकॉकला जे काही बघून आले त्याचं पुण्य गावजेवण घालून पक्कं करायचं! मोठा पडदा लावून फोटो, पंगती, आणि रात्रभर विमानात बसून आलेली तू दुसऱ्याच दिवशी लापशीच्या कढईपाशी. तुझ्या सासूबाईंची, मोठ्याबाईंची, वर आणखी अट. लांबून आलं की पाणी आणायचं. जिथे जाल तिथलं. त्या पाण्याची बाटली देवघरात, गंगेच्या गडूशेजारी. रोज हळदीकुंकू. स्वित्झर्लंडच्या तळ्याचं पाणी तर विमानतळावरच्या माणसाने तुझ्या हातपिशवीतून काढून टाकलं होतं. मग तू काय केलंस? घरी आल्यावर मागच्या दारी जाऊन बाटली बोअरच्या पाण्याने भरलीस. मोठ्याबाईंनी तीर्थ म्हणून घेतलं आणि म्हणाल्या, "लई गोड हाय." सगळं घर आजवर आपल्याच बोअरला हळदीकुंकू वाहतंय! हे गुपित तू मला रस्त्यावरच्या उसाच्या गुऱ्हाळात सांगितलंस, आणि तेव्हा मात्र आपण दोघी इतक्या हसलो की गुऱ्हाळवाल्याने विचारलं, रसात काही पडलं का.

आणि मग गेल्या दिवाळीत तुझा फोन आला. "आक्का, ह्या वेळी देश मी निवडलाय."

मी विचारलं, डोळे मिटून?

"नाही. उघडे ठेवून."

आपण दोघीच. सिस्टर म्हातारपणी मायदेशी परत गेल्या होत्या. त्यांचं शेवटचं नाताळचं कार्ड तू जपून ठेवलं होतंस; त्यानंतर कार्ड आलं नाही, म्हणजे त्या गेल्याच असणार. तुला त्यांचं गाव बघायचं होतं, ती मिठागरं बघायची होती, आणि खरंच एकही नदी नाही का, याची खात्री करून घ्यायची होती. हे तू ओसरीवर सांगितलंस तेव्हा काय झालं, ते मला तुझ्याकडूनच कळलं. आधी कोणाला ते नावच उच्चारता येईना. रोहितने, तुझ्या कर्त्या मुलाने, फोनवर बघून सांगितलं की तिथे फार काही नाही, दगड आणि निवडुंग. तेव्हा भाऊसाहेब हसले.

"आगं, दुष्काळ बघायला इमानात कशाला बसायचं? आष्टी-पाटोद्याला जीप काढतो की."

सगळी ओसरी हसली. आणि आतून मोठ्याबाईंचा आवाज आला, "नदीच न्हाई म्हंतीस, तर मावंद्याला पानी कुठलं आनशील?"

तू म्हणालीस, "काहीच आणणार नाही, आई. नुसती जाऊन येईन."

शैलू, इतक्या वर्षांत तू त्या घरात बोललेलं हे सगळ्यात मोठं वाक्य असेल. नुसती जाऊन येईन. तू ते वाक्य मला फोनवर ऐकवलंस, आणि मी देवघरापुढे जाऊन साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी आपण रफीकभाईंकडे गेलो. त्यांच्या वडिलांचा बीडच्या स्टँडबाहेर फळांचा गाडा होता, तू त्यांच्याकडची सीताफळं दाबून बघायचीस म्हणून ते ओरडायचे. रफीकभाईंनी आपल्याला चहा पाजला. "मक्केला उमऱ्याला नेतो, दुबईला नेतो, बाकूला बी नेलं," ते म्हणाले, "पण माल्टा कुनी मागितलंच न्हाई आजवर. ताई, तुमच्यामुळं मला बी नकाशा काढावा लागला." तू त्या खुर्चीत इतकी ताठ बसली होतीस, जणू वर्गात पहिला नंबर आला आहे.

आणि मग तू गेलीस. श्रावणातली साधी सकाळ, ओट्यापाशी उभी होतीस, हात पिठाचे. एवढं तरी थांबायचं होतंस! मी बाकी कशाबद्दल तुला बोलणार नाही, पण याबद्दल बोलणार. सगळ्यांची पोळी होईपर्यंत थांबलीस आणि स्वतःच्या विमानापर्यंत थांबली नाहीस.

आता तुझ्या तेराव्याचं सांगते. खरं तर सांगू नये, पण तुझ्याशिवाय कोणाला सांगू? पंगती उठल्या, पाहुणे पांगले, आणि तुझ्या फोटोला घातलेला हार ताजा असतानाच ओसरीवर पुढच्या सहलीची बैठक बसली. वर्षाच्या आत तीर्थयात्रा करू नये, पण नुसती सहल चालते, असं गुरुजींना आधीच विचारून ठेवलेलं होतं. त्यांच्या आजवरच्या यात्रा म्हणजे नुसत्या सहली होत्या, हे कबूल व्हायला तुला मरावं लागलं.

अर्चनाने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, ताईंची आठवण म्हणून त्यांच्या जागेवर ती जायला तयार आहे. फक्त माल्टाच्या ऐवजी तेवढ्याच पैशात पॅरिस होईल का, असं मी विचारून बघावं. मी विचारून बघते म्हणाले. कॉन्व्हेंटने आपल्याला दोनच गोष्टी पक्क्या शिकवल्या, टाय बांधणं आणि तोंडावर हसू ठेवणं. त्यातली दुसरी त्या दिवशी कामाला आली.

पण पुढे जे झालं त्याला माझं हसूही पुरलं नाही. भाऊसाहेब उठले, आत गेले आणि ती निळी नायलॉनची पिशवी घेऊन बाहेर आले. तुझ्या सुनेला, मयूरीला हाक मारली. त्या पोरीच्या हातावरची लग्नाची मेंदी अजून पुरती गेलेली नव्हती. ती डोक्यावर पदर घेऊन आली. जुन्या घरांत सासू गेल्यावर सुनेच्या हाती किल्ल्या देतात ना, त्याच गांभीर्याने त्यांनी ती पिशवी तिच्या हातात ठेवली.

"सूनबाई, हे आता तुमच्याकडं."

तिने दोन्ही हातांनी घेतली आणि वाकून नमस्कार केला. बायका हुंदके देऊ लागल्या. रोहित फोन बघत होता. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, शैलू. उलट किती चांगली सून, असंच सगळे म्हणाले.

मी तिथून उठले ती थेट बीडच्या गाडीत जाऊन बसले. तुझे मेहुणे, म्हणजे आमचे हे, गुडघ्यांचं दुखणं विसरून मला विचारत होते, काय झालं, काय झालं. काय सांगणार! वारसाहक्काने शेगडी मिळाली म्हणून?

गेल्या आठवड्यात मयूरी दात दाखवायला म्हणून बीडला आली आणि दाताकडे न जाता माझ्याकडे आली. चहा थंड होईपर्यंत बशीकडे बघत बसली. मग म्हणाली, "मावशी, एक इचारू का? तिकडं गेल्यावर आईंनी खोलीच्या बाहेर काय काय बघितलं वो?"

मी आठवायला लागले. खरंच आठवायला लागले. न्हाणीघराची खिडकी, हॉटेलचा जिना, बसचा पडदा. यादी तिथेच संपली. पोरीने ते ओळखलं. उठताना दारात चप्पल घालता घालता तिने विचारलं, "माल्टात खिचडी करावी लागती का?"

म्हणून मी काल तेलगावला गेले. न कळवता. भाऊसाहेब ओसरीवरच होते. त्यांना सांगितलं की शैलाच्या जागेवर मयूरी येईल. तिचा पासपोर्ट तुम्हीच लग्नानंतर दुबईसाठी काढून घेतला आहे, तो द्या, रफीकभाईंकडे पोचवते. ते बराच वेळ मिशीवर बोट फिरवत राहिले. माझा अपमान करायचा नाही आणि होही म्हणायचं नाही, अशा वेळी ते तसंच करतात.

"आन आमच्यासंगं कोन येनार मग?"

"शेगडी येईल," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. मग जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "आक्का, आमी तिला काय कमी केलं? समदं जग दाखवलं."

मी विचारलं, "भाऊसाहेब, त्यातलं तिला कुठलं गाव सगळ्यात आवडलं?"

आधी वाटलं चिडतील. पण ते खरोखर शोधत होते, गं. चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी म्हणाले, "तिनं कदी सांगितलंच न्हाई."

त्यांची त्यांनाच पुढची ओळ सुचली असावी, की आपणही कधी विचारलं नाही, कारण त्यांनी मान खाली घातली. त्यांची मला दया आली असं तुला वाटत असेल तर तसं नाही. दया यायला थोडा वेळ लागेल.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मी समजत होते की आता मोठ्याबाई पाण्यावरून अडून बसतील. त्यांच्यासाठी मी मनात चांगलं उत्तर घोळवून आणलं होतं, बोअरच्या पाण्यासकट! त्या आतून भिंत धरत धरत आल्या, उंबऱ्यावर बसल्या. मुलाला म्हणाल्या, "जाऊ दे पोरीला. पानी बी नगं."

मग माझ्याकडे न बघता, अंगणाकडे तोंड करून म्हणाल्या, "म्या काशीला गेलते. बसभर मानसं. समद्यांचा सैपाक म्याच केलता, धरमशाळेत, चुलीवर. येताना मालकांनी गंगेचा गडू हातात दिला. गंगा काय म्या बगितली न्हाई."

शैलू! त्या बाटल्या! आपण गुऱ्हाळात पोट धरून हसलो त्या बाटल्या! म्हातारी इतकी वर्षं तुझ्याकडे दर खेपेला पाणी का मागत होती, हे तुला कळलं होतं का? की कळलं होतं म्हणूनच तू मुकाट्याने बोअरवर गेलीस? तू मला सांगितलं नाहीस. सांगायला हवं होतंस.

मी देवघरात जाऊन त्या सगळ्या बाटल्यांना नमस्कार केला. तुझ्या बोअरच्या बाटलीलाही. उरलेल्या घराबद्दल माझं मत आहे तेच आहे.

आता तुझ्या वस्तूंचं. तू कोणाला काही लिहून ठेवलं नाहीस, म्हणून मी थोरलीच्या अधिकाराने वाटणी करते आहे. तुला पटली नाही तर स्वप्नात येऊन सांग, पण लवकर ये.

शेगडी, कुकर आणि निळी पिशवी भाऊसाहेबांना. पिशवीत मी एक चिठ्ठी घातली आहे: डाळ-तांदूळ धुऊन घ्या, पाणी दुप्पट, शिटी झाली की टॉवेल धरा, मीठ तुमच्या चवीने. इतक्या वर्षांत त्यांची चव काय आहे ते तुला पाठ झालं होतं, आता त्यांना स्वतःला शोधू दे.

तुझा लोकरीचा लाल कोट अर्चनाला. बर्फात छान दिसेल. डाव्या बाहीला कुकरच्या वाफेने आकसल्यासारखं झालं आहे, तिला ते फोटोत दिसेल तेव्हा दिसेल.

मानेखाली घ्यायची फुगवायची उशी रोहितला. कण्याचं आता काही करता येणार नाही, मानेला तरी आधार असू दे.

तुझी मऊ काश्मिरी शाल मोठ्याबाईंना. ती मी कालच त्यांच्या अंगावर घातली. काठावरून बोट फिरवत राहिल्या.

सिस्टरचं नाताळचं कार्ड माझ्याकडे राहील, पत्ता त्याच्यावरच आहे.

तुझी जागा मयूरीला, आणि ती खिडकीचीच. आज दुपारी रफीकभाईंना नाव कळवलं, तिचा पासपोर्टही पोचवला. तेलगावहून पुन्हा फोन आला तर काय सांगू, त्यांनी विचारलं. म्हटलं, सांगा की जागा भरली. आपला ॲटलासही तिलाच. त्याचा पुठ्ठा निघाला आहे, पण ठिपका आहे जागेवर.

आणि एक औषधाची बाटली आहे. ती मी आज पालीच्या धरणावर जाऊन भरून आणली, बिंदुसरेच्या पाण्याने. रिक्षावाल्याला वाटलं, बाईंना काही उतारा टाकायचा असेल. ही बाटली सिस्टर कार्मेलांची. त्यांच्या गावच्या दफनभूमीत त्यांचं नाव शोधू, आणि नाही सापडलं तर तिथल्या पहिल्या कोरड्या बांधावर निवडुंगाच्या मुळाशी ओतू. त्या मातीला कळेल.

तुला शब्द देते: तिथे आम्ही काही शिजवणार नाही. पाव खाऊ, बेचव असला तरी खाऊ. सकाळी खोलीला कुलूप लावून बाहेर पडू ते अंधार पडल्यावरच परत येऊ. कोणी ओळखेल असा फोटो एकही काढणार नाही. येताना काहीही आणणार नाही, नुसत्या जाऊन येऊ.

आणि बाटली हातपिशवीत नाही, खालच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवली आहे. झाकण या वेळी मी स्वतः लावलंय, शैलू. दोनदा उलटी करून पाहिली. एक थेंब गळत नाही.

तुझी,
आक्का